नदीत उतरता येतं का? सीन नदीची गोष्ट

दिवसभराची कामं उरकून, चूल झाकून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल.

आज मी तुम्हाला एका लांबच्या नदीची गोष्ट सांगणार आहे. ही नदी फ्रान्स देशातली. तिचं नाव सीन. पॅरिस शहर जिच्या दोन्ही काठांवर वसलं आहे, तीच ही नदी. आता एखादी म्हणेल, "बाई, फ्रान्सच्या नदीचं आपल्याला काय?" जरा ऐका. नदी चांगली आहे की बिघडली आहे, हे ओळखायची एक साधी खूण आहे. तिच्यात माणसाला उतरता येतं का? लेकरू पाण्यात डुंबत असताना आईला काठावर निवांत बसता येतं का? पॅरिसच्या लोकांना शंभर वर्षं सीनमध्ये असं उतरता येत नव्हतं. २०२५ सालच्या जुलै महिन्यात ते पुन्हा उतरले. मधल्या काळात काय बिघडलं आणि ते सुधारायला नेमका कुठे हात घालावा लागला, ते आपण पाहू. त्यासाठी उगमापासून समुद्रापर्यंत नदीच्या सोबतीनं चालत जाऊ.

सीन नदी ७७७ किलोमीटर लांब आहे. म्हणजे आपल्या गोदावरीच्या साधारण निम्मी. ती फ्रान्सच्या पूर्वेकडच्या एका पठारावर उगम पावते. दिजों नावाचं शहर आहे, त्याच्यापासून तीसेक किलोमीटरवर. उगमाची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. हिमालयासारखा बर्फाचा डोंगर तिथं नाही. चुनखडीच्या जमिनीतून झरे फुटतात, ते एकत्र येतात आणि एक ओहोळ वाहू लागतो. एका ढांगेत ओलांडून जावा, एवढाच तो ओहोळ.

या झऱ्यापाशी दोन हजार वर्षांपूर्वी एका देवीचं ठाणं होतं. देवीचं नाव सेक्वाना. त्या देवीच्या नावावरूनच पुढं सीन हे नाव आलं. उत्खननात तिची काशाची मूर्ती सापडली. देवी नावेत उभी आहे आणि नावेचं तोंड बदकाच्या डोक्यासारखं आहे. त्याच जागी लाकडात आणि दगडात कोरलेल्या शेकडो वस्तू मिळाल्या. कुठे डोळे, कुठे पाय, कुठे हात, कुठे स्तन, कुठे कापडात गुंडाळलेलं तान्हं बाळ. ज्याला जिथं दुखणं, त्यानं त्या अवयवाची आकृती करून देवीला वाहायची. हे ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. आपल्याकडेही डोळे आले की देवीला चांदीचे डोळे वाहतात आणि विहिरीच्या, नदीच्या काठी साती आसरांना ओटी भरतात. पाण्यापाशी जाऊन बरं वाटावं म्हणून हात जोडणारी बाई तिथंही होती. त्या वस्तू आज दिजोंच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

आणखी एक गंमत सांगते. हा उगम पॅरिसपासून अडीचशे किलोमीटर लांब आहे, तरी १८६४ पासून ती जागा पॅरिस शहराच्या मालकीची आहे. शहरानं तिथं एक गुहा बांधली आणि जलदेवतेचा पुतळा बसवला. आज लोक तिथं शिदोरी घेऊन सहलीला येतात, मुलं ओहोळात पाय बुडवतात. शहरानं उगमाला मान दिला ते चांगलंच झालं. पण त्याच काळात शहराच्या पलीकडच्या टोकाला नदीचं काय चाललं होतं, ते पुढं कळेल.

ओहोळ उत्तर-पश्चिमेकडे निघतो. वाटेत त्रुआ नावाचं जुनं गाव लागतं. पायमोजे आणि बनियन विणण्याच्या धंद्यासाठी ते नावाजलेलं होतं. मग एकेक उपनदी येऊन मिळते. आधी ओब, नंतर योन. योन मिळते तिथं मौज आहे. संगमावर योनचं पाणी सीनपेक्षा जास्त असतं. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर पुढच्या नदीला योन म्हणायला हवं होतं. पण नाव सीनचंच राहिलं. पॅरिसच्या वेशीवर मार्न नदी मिळते आणि पॅरिस ओलांडल्यावर वाझ.

या मुलखात आपल्यासारखे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे असं नसतं. पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. हिवाळ्यात जमीन भिजलेली असते आणि ऊन कमी असतं, म्हणून नदीला हिवाळ्यात पूर येतो. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं. उतार इतका कमी आहे की नदी पॅरिसमध्ये पोचते तेव्हा समुद्रसपाटीपासून जेमतेम पंचवीस-सव्वीस मीटर उंचीवर असते, आणि समुद्र अजून साडेतीनशे किलोमीटरहून लांब असतो. त्यामुळे ती धावत सुटत नाही, वळणं घेत घेत रमतगमत जाते. अशा संथ नदीत नावा चांगल्या चालतात. पण संथ नदीत घाण पडली की ती लवकर वाहूनही जात नाही.

जानेवारी १९१० मध्ये सीनला फार मोठा पूर आला. पॅरिसमध्ये मोजपट्टीवर पाणी ८ मीटर ६२ सेंटिमीटरपर्यंत चढलं. रस्त्यांतून होड्या फिरल्या. शहरातल्या एका पुलाच्या खांबाशी सैनिकाचा पुतळा आहे. पॅरिसची माणसं त्याच्याकडे पाहून पुराचा अंदाज घेतात. पाणी पावलांशी आलं, मांडीपर्यंत आलं, असं सांगतात. त्या पुरात ते त्याच्या खांद्यापर्यंत पोचलं होतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून वरच्या बाजूला, नदी आणि तिच्या उपनद्यांशेजारी मोठे तलाव बांधले. सीनचा तलाव १९६६ मध्ये भरला, मार्नचा १९७४ मध्ये, ओबचा १९९० मध्ये. हिवाळ्यात नदी फुगली की जास्तीचं पाणी कालव्यानं तलावात घ्यायचं आणि उन्हाळ्यात नदी आटली की परत सोडायचं. मार्नच्या तलावाचं नाव देर. तो ४,८०० हेक्टरांवर पसरला आहे. आज तिथं वाळूचे किनारे केले आहेत, लोक पोहतात, शिडाच्या होड्या चालवतात, मासे धरतात, तलावाभोवती सायकली फिरवतात. शरद ऋतूत उत्तरेकडून हजारो क्रौंच पक्षी येतात आणि ते पाहायला माणसांची झुंबड उडते.

पण मैत्रिणींनो, त्या तलावाच्या पाण्याखाली तीन गावं गेली आहेत. गावांवरून पाणी गेलं, पण एका गावाचं चर्च उंचावर होतं म्हणून ते काठावर एकटंच उभं राहिलं. दुसऱ्या गावाचं लाकडी चर्च सोडवून दुसरीकडे नेऊन पुन्हा उभं केलं. पॅरिसच्या घरांत पाणी शिरू नये म्हणून या गावांनी आपली घरं सोडली. धरणात गाव गेलेल्या बायका आज हा कार्यक्रम ऐकत असतील, तर त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. तलावावर मौज करायला येणाऱ्या माणसाला ही किंमत ठाऊक असावी, म्हणून सांगितलं.

आता नदी पॅरिसमध्ये आली. आजच्या पॅरिसची चित्रं पाहाल तर काचेच्या छपराच्या मोठ्या नावांतून पर्यटक फिरताना दिसतात. १९९१ पासून पॅरिसमधले सीनचे काठ जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण दीडशे वर्षांपूर्वी हाच काठ कष्टाचा होता. नदीवर मोठमोठ्या तरंगत्या नावा बांधलेल्या असत. त्या होत्या धुण्याच्या नावा. आत बायका ओळीनं गुडघ्यांवर बसत आणि नदीच्या पाण्यात शहराची धुणी धूत. नावेवर भट्टी असे, तिथून गरम पाणी मिळे. जागेचे आणि गरम पाण्याचे पैसे त्यांना मोजावे लागत. पहाटेपासून हात पाण्यात आणि पाठ वाकलेली. त्यातून मिळे ती मजुरी.

वर्षात एक दिवस मात्र या परटिणींचा असे. ईस्टरच्या आधीच्या उपासांच्या मध्यावर एक सण येई. त्या दिवशी प्रत्येक नावेवरच्या बायका आपल्यातल्या एकीला राणी निवडत. तिला सजवून गाडीत बसवत आणि वाजतगाजत शहरातून मिरवत. पुढं पुढं तर सगळ्या राण्यांमधून एक महाराणी निवडली जाऊ लागली आणि सारं पॅरिस ती मिरवणूक पाहायला रस्त्यावर येई. वर्षभर ज्यांच्याकडे कुणी पाहत नसे, त्या बायकांचा तो मान होता.

याच नदीवर तरंगती न्हाणीघरंही होती. नावा चौकटीसारख्या बांधायच्या, मध्ये नदीचं पाणी खेळतं ठेवायचं आणि त्यात पोहायचं. बायकांसाठी वेगळी न्हाणीघरं होती, त्यामुळे आडोसा मिळे. अशा एका प्रसिद्ध तरंगत्या तलावाचं नाव देलिनी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तो चालू होता. १९९३ मध्ये तो नदीतच बुडाला.

१८३७ मध्ये पॅरिसहून पश्चिमेकडे आगगाडी सुरू झाली आणि रविवारी शहरातली माणसं नदीकाठच्या गावांकडे जाऊ लागली. शातू, क्रुआसी, बूजिव्हाल अशी ती गावं. तिथं खाणावळी निघाल्या, होड्या भाड्यानं मिळू लागल्या, नाचगाणी होऊ लागली. कापडं शिवणाऱ्या मुली, दुकानातले कारकून, नावाडी, शेठजी, सगळे एकाच काठावर. मोने आणि रनुआर या दोन चित्रकारांनी १८६९ मध्ये अशाच एका स्नानाच्या जागेची चित्रं शेजारी शेजारी बसून काढली. बेर्त मोरिझो नावाची चित्रकार बाईही बूजिव्हालला राहून चित्रं काढत असे. आज ही चित्रं जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांत आहे काय? सुटीच्या दिवशी पाण्याजवळ बसलेली साधी माणसं आणि पाण्यावर हलणारं ऊन.

मग या नदीचं बिघडलं कुठे? तर घराच्या मोरीत.

पॅरिस वाढलं, घरं वाढली. पूर्वी संडासाच्या टाक्या उपसून मैला शहराबाहेर नेत आणि त्याचं खत करत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शहराखाली मोठमोठी गटारं बांधली. १८९४ च्या कायद्यानं घरमालकांना संडास गटाराला जोडणं सक्तीचं झालं. शहर स्वच्छ झालं, पटकीसारखे रोग कमी झाले. ती बांधणी कौतुकाचीच होती. पण गटाराचं तोंड निघालं कुठे? पॅरिसच्या खालच्या अंगाला, क्लिशी आणि आस्निएर या गावांजवळ, थेट सीनमध्ये. शहराची घाण खालच्या गावांच्या पुढ्यात. तिथं पाणी काळं पडलं, मासे मरून वर आले. पुढं काही पाणी शेतांवर सोडून त्यावर भाजीपाला काढला. पण शहराच्या वाढीपुढं शेतं पुरेनात.

कारखाने आले, नावांची ये-जा वाढली. १९२३ मध्ये पॅरिसमध्ये सीनमध्ये पोहायला बंदी झाली. काही वर्षं लोक चोरून-मारून उतरत राहिले, पोहण्याच्या शर्यतीही झाल्या. पुढं पुढं कुणाला उतरावंसंच वाटेना. १९७० च्या सुमारास पॅरिसच्या आसपास माशांच्या मोजक्या तीन-चार जातीच उरल्या होत्या. नदी होती, पूल होते, पर्यटक होते, फोटो निघत होते. पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती.

१९९० मध्ये पॅरिसच्या तेव्हाच्या महापौरांनी, झाक शिराक यांनी, जाहीर केलं की तीन वर्षांत मी सीनमध्ये पोहून दाखवीन. ते पुढं देशाचे अध्यक्ष झाले, पण हा शब्द काही खरा झाला नाही. कारण नदी काठावरून साफ होत नाही. तिची घाण कुठून येते, ते शोधत घरापर्यंत जावं लागतं.

पॅरिसची अडचण अशी होती. तिथल्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि घरातलं मैलापाणी एकाच गटारातून जातं. कोरड्या दिवशी सगळं पाणी शुद्धीकरण केंद्रात पोचतं. पण जोराचा पाऊस झाला की गटार भरतं. ते घराघरांत उलटू नये म्हणून जास्तीचं पाणी नदीत सोडावं लागतं. म्हणजे पाऊस पडला की नदी घाण. शिवाय वरच्या बाजूच्या गावांत हजारो घरांचे संडास चुकून पावसाच्या नळाला जोडलेले निघाले. बांधणाऱ्यानं चुकीचा नळ जोडला, घरातल्यांना पत्ताही नाही आणि रोजचा मैला सरळ नदीत. काठाला बांधलेल्या राहत्या नावांचंही तेच. वरती फुलझाडांच्या कुंड्या आणि खालून सांडपाणी नदीत.

२०२४ च्या ऑलिंपिक खेळांत पोहण्याच्या काही स्पर्धा सीनमध्ये घ्यायचं ठरलं, तेव्हा या कामांना जोर आला. घरोघर जाऊन नळ तपासले आणि बदलले. राहत्या नावांना गटाराला जोडणं सक्तीचं केलं. वरच्या अंगाच्या शुद्धीकरण केंद्रांत जंतू मारायची सोय वाढवली. आणि ओस्तरलित्झ रेल्वे स्टेशनजवळ जमिनीखाली एक अजस्र टाकी बांधली. तिच्यात ५ कोटी लिटर पाणी मावतं. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरचा हिशेब धरा, तर पाच हजार टँकर. मोठ्या पावसात गटाराचं जास्तीचं पाणी या टाकीत थांबतं आणि पाऊस ओसरल्यावर हळूहळू शुद्धीकरणाला जातं. या सगळ्याला सुमारे १४० कोटी युरो लागले. रुपयांत बारा हजार कोटींहून जास्त.

एवढं करून काय झालं? २६ जुलै २०२४ ला खेळांचं उद्घाटन नदीवरच, नावांमधून झालं आणि नेमका त्या दिवशी धो धो पाऊस. नदीत जंतू वाढले. ३० जुलैला पुरुषांची शर्यत होती, ती एक दिवस पुढं ढकलावी लागली. ३१ तारखेला पाणी तपासणीत उतरलं आणि शर्यती झाल्या. पोहणं, सायकल आणि धावणं अशी ती तिहेरी शर्यत. बायकांच्या शर्यतीत फ्रान्सच्याच कासांद्र बोग्राँ हिनं सीनमध्ये उडी घेऊन सुवर्णपदक मिळवलं.

आणि ५ जुलै २०२५ ला सर्वसामान्य माणसांसाठी नदी खुली झाली. पॅरिसमध्ये तीन जागा ठरवल्या. एक शहराच्या मध्यावर बेटाशेजारी, एक पूर्वेला बेर्सीला आणि एक पश्चिमेला ग्रनेलला, आयफेल टॉवरपासून जवळ. तिकीट नाही. कपडे बदलायला आडोसा आहे. पाण्यात दोरांनी हद्द आखली आहे, जीवरक्षक उभे असतात आणि प्रत्येकानं कमरेला पिवळा फुगा बांधायचा असतो, म्हणजे पाण्यात माणूस कुठे आहे ते लांबूनही दिसतं. रोज पाण्याचे नमुने तपासतात. विष्ठेतले जंतू ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले, की लाल झेंडा लागतो आणि त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. हिरवा झेंडा असला की पोहायचं. पाऊस झाला की जागा बंद राहतात. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी पावसानं तसं करावं लागलं. या ठरलेल्या जागा सोडून बाकी नदीत पोहायला आजही बंदी आहे.

मला यातला झेंडा फार मोलाचा वाटतो. पाणी दिसायला नितळ असलं तरी जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पूजा केल्यानं किंवा फलक लावल्यानं ते मरतही नाहीत. रोज तपासायचं आणि जे निघेल ते लपवून न ठेवता काठावर सगळ्यांना दिसेल असं टांगायचं. मोठे पाहुणे येणार असले तरी लाल म्हणजे लाल. नदीवर लोकांचा विश्वास बसतो तो अशानं. माशांनीही कौल दिला आहे. तीन-चार जाती उरल्या होत्या त्या भागात आता तीसहून अधिक जातींचे मासे मोजले जातात.

काठही बदलले. १९६७ मध्ये पॅरिसच्या उजव्या काठाला लागून मोटारींचा वेगवान रस्ता केला होता. २०१६ मध्ये शहराच्या मध्यातला तो रस्ता गाड्यांना बंद झाला. डाव्या काठाचा त्याआधी तीन वर्षं बंद झाला होता. आज तिथं म्हातारी माणसं बाकावर बसतात, मुलं सायकल शिकतात. २००२ पासून दर उन्हाळ्यात काठावर आरामखुर्च्या आणि छत्र्या मांडतात. समुद्रावर सुटीला जायला ज्यांच्याकडे पैसे नाहीत, त्यांना आपल्याच शहरात समुद्रकिनाऱ्यासारखी मौज.

चला, आता पुढं जाऊ. पॅरिसनंतर नदी नागमोडी वळणं घेते. पांढऱ्या खडूच्या दगडाचे उंच कडे, खाली हिरवी कुरणं. जिव्हेर्नी गावात मोने यांचं घर आणि कमळांचं तळं आहे. लेझांदली गावाच्या माथ्यावर आठशे वर्षांपूर्वीचा एक पडका किल्ला नदीवर नजर ठेवून उभा आहे. २०२० पासून पॅरिस ते समुद्र अशी सायकलवाट आखली आहे, चारशे किलोमीटरांहून लांब. लोक थैल्या बांधून आठवडाभर या वाटेनं जातात. वाटेतल्या गावांत मुक्काम करतात, शेतकऱ्यांकडून चीज आणि सफरचंदं घेतात, त्यामुळे गावातल्या बायकांनाही चार पैसे मिळतात.

पोझ नावाच्या गावी बंधारा आहे. समुद्राची भरती नदीतून वर चढत चढत इथपर्यंत येते. म्हणजे समुद्र दीडशे किलोमीटर लांब असूनही इथून पुढं नदीचं पाणी दिवसातून दोनदा वर-खाली होतं. मग येतं रुआँ शहर. इथपर्यंत समुद्रातली मोठी जहाजं येतात. १४३१ साली याच शहरात ज्योन ऑफ आर्क या एकोणीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या लेकीला जाळलं आणि तिची राख सीनमध्ये टाकली. आता इथं काही वर्षांनी एकदा जगभरातली जुन्या धाटणीची शिडाची जहाजं जमतात आणि काठावर जत्रा भरते.

रुआँच्या पुढं पूल थोडे आहेत. लोक तरीनं नदी ओलांडतात. ही तर सरकारी आहे आणि फुकट आहे. शाळेला जाणारी मुलगी, कामाला जाणारी बाई, सायकलवरचा पाहुणा, सगळे एकाच तरीवर.

याच भागात पूर्वी मोठ्या भरतीला समुद्राची एक लाट भिंतीसारखी नदीत शिरायची आणि उलटी वर धावत यायची. ती पाहायला काठावर गर्दी लोटायची. कित्येकदा बघ्यांनाच ती ओढून न्यायची. नदीचं पात्र खोल केल्यावर, १९६० नंतरच्या काळात ती लाट थांबली. इथलंच एक गाव व्हिलकिए. ४ सप्टेंबर १८४३ ला लेखक व्हिक्टर ह्यूगो यांची थोरली मुलगी लेओपोल्दीन इथं होडी उलटून बुडाली. नुकतंच लग्न झालेली, वय एकोणीस. नवऱ्याला चांगलं पोहता येत होतं. तो तिला वाचवायला गेला आणि तिच्याबरोबर गेला. वडील प्रवासात होते, त्यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली. नदीत मौज आहे, पण नदी ओळखून. पिवळा फुगा, दोरांची हद्द आणि जीवरक्षक हे सगळं या अशा दुःखांतून माणसं शिकली आहेत.

शेवटी नदी रुंद होते आणि एका बाजूला ल आव्र, दुसऱ्या बाजूला ओंफ्लर ही बंदरं ठेवून समुद्राला मिळते. मुखावर १९९५ मध्ये बांधलेला दोन किलोमीटरांहून लांब पूल आहे. त्याच्यावर उभं राहिलं की एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसतो.

आपला प्रवास इथं संपला. मैत्रिणींनो, पॅरिसकडे पैसा होता, ऑलिंपिकचा दबाव होता, म्हणून एवढी मोठी टाकी बांधता आली. ती आपल्या गावात होणार नाही. पण त्यांना जे शंभर वर्षांनी कळलं, ते कळायला पैसा लागत नाही. नदीची घाण नदीत तयार होत नाही. ती वरच्या गावाच्या मोरीतून आणि संडासाच्या चुकीच्या नळातून येते, आणि खालच्या गावाच्या पाणवठ्यावर पोचते. वरचं गाव आपलं असेल, तर खाली कुणाच्या तरी लेकरांचं डुंबणं आपल्या हातात आहे. खालचं गाव आपलं असेल, तर वरच्या गावाला विचारायचा आपल्याला हक्क आहे.

येत्या बैठकीत एक काम करून पाहा. मोठ्या कागदावर किंवा अंगणात रांगोळीनं आपला ओढा किंवा नदी काढा. आपल्या घराची मोरी कुठे जाते, शोषखड्ड्यात की ओढ्यात, ते खुणेनं दाखवा. वरच्या गावाची घाण कुठे येऊन मिळते, ते दाखवा. धुणं कुठे धुतो, जनावरं कुठे पाणी पितात, हातपंप कुठे आहे, तेही मांडा. मग गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना विचारा, "तुम्ही मुली होता तेव्हा कुठल्या डोहात पोहायला जायचा?" त्या जागेवर हळदीकुंकवाचं बोट टेकवा. आणि आज तिथं आपल्या नातीला सोडाल का, यावर बोला. बोलून जे ठरेल, ते ग्रामसभेत मांडा.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.